बाळाने पाहिलेली सुगंधा

आमच्या वाडीत तीसेक वर्षं जे कोणी जन्माला आलं, त्याच्या अंगाला पहिलं कापड लागलं ते सुगंधाने शिवलेलं. हिंदूंच्या बारशाचं झबलं-टोपडं तिचं आणि आमच्या बाप्तिस्म्याचा पांढरा झगाही तिचाच. माझ्या दोन्ही मुलांचे झगे तिनेच शिवले आणि दोन्ही वेळा लेस तिरकी लावली. मी बोलले तर म्हणाली, "बाई, पाद्री लेस बघूचो नाय, पोराचा कपाळ बघतलो." तिच्याशी वाद घालण्यात कधी अर्थ नव्हता.

सुगंधाला जाऊन आता दोन पावसाळे झाले. तिची मशीन अजून त्यांच्या ओटीवर आहे, वर जुनं लुगडं टाकून झाकलेली. आता बाळांचे कपडे लोक मोबाइलवरून मागवतात. परवा कोणाच्या तरी वीतभर पोराला जीनची पॅंट घातलेली पाहिली, मागे खिसा शिवलेली. त्या खिशात ते बिचारं काय ठेवणार, आधार कार्ड? सुगंधा असती तर तिने ती पॅंट दोन बोटांत धरून उलटसुलट करून बघितली असती, शिवण आतून टोचते म्हणाली असती आणि त्या आईला दोन खडे बोल ऐकवले असते. मला तिची फार आठवण येते. मी निवृत्त शिक्षिका आहे, इमेल्डा माझं नाव, आणि मला उगाच कोणाची आठवण येत नाही.

ती उंच, सावळी, बोलायला फटकळ. केस असे दाट की पुढून अगदी खाली उतरलेले आणि कपाळ जेमतेम दोन बोटं. लग्न झालं नाही. आई लवकर गेली, वडील त्याही आधी, आणि धाकटा भाऊ सत्यवान वाढवता वाढवता तिची वर्षं निघून गेली. नंतर बघायला आले ते सगळे बिजवर. "दुसऱ्याचो फाटलेलो संसार मी कित्याक शिवू? माका कपडे आसत," म्हणून तिने तो विषय संपवला. बाळाचं माप घ्यायला ती त्याला मांडीवर घ्यायची, टेप लावायची, आकडा मनात ठेवायची आणि लगेच आईच्या हातात परत द्यायची. जास्त वेळ कधी धरलेलं मी पाहिलं नाही.

सत्यवान टेम्पो चालवायचा. हंगामात देवगडहून आंब्याच्या पेट्या भरून न्यायचा. त्याचं लग्न उशिरा झालं. बायको अपेक्षा, रेडी गावची. तिला आई नव्हती म्हणून पहिलं बाळंतपण सासरीच करायचं ठरलं. मुलगा झाला तो ऐन एप्रिलमध्ये. आज हाच समर्थ माझ्याकडे पाढे म्हणायला येतो आणि सत्तावीसच्या पाढ्यावर हटकून अडतो. तेव्हा मात्र तो एवढासा होता आणि घरात त्याच्यावर हुकूम चालायचा तो काशीबाईचा.

काशीबाई म्हणजे सत्यवानची चुलत चुलती, वाडीतल्या सगळ्या बाळंतिणींची वरिष्ठ अधिकारी. बाळंतिणीच्या कानात वारा जाता कामा नये, म्हणून तिने अपेक्षाच्या डोक्याला फडकं बांधायला लावलं. कपाळ पार भुवयांपर्यंत झाकून, दोन्ही कानांवरून घेऊन, मागे घट्ट गाठ. एप्रिलच्या त्या उकाड्यात वारा सोडाच, माडाचं झावळ हलत नव्हतं. अपेक्षा घामाने निथळायची, पण काशीबाईपुढे बोलायची कोणाची टाप नव्हती. फडकं सुगंधानेच शिवलेलं होतं, आमच्या शाळेच्या गणवेशाच्या उरलेल्या कापडाचं, गडद निळ्या आणि पांढऱ्या चौकटींचं. अपेक्षाचं ते लहानसं गोरं तोंड त्या चौकटींच्या मधून बाहेर बघायचं.

समर्थ डोळे उघडून पडलेला असला की वासे आणि कौलं यांच्या मधल्या फटीकडे बघायचा. तिथे काळा वासा संपून उजेडाची रेघ सुरू व्हायची. नाहीतर खिडकीच्या गजांकडे. काशीबाई म्हणायची, सटवी खेळवते त्याला. आणि आई त्याला दूध पाजायला वाकली की तो तिच्याकडे टक लावून बघायचा, एवढं की अपेक्षा लाजायची. "असो काय बघता गो हो?" म्हणायची.

बारशाची तयारी चालू होती आणि अपेक्षाला ताप भरला. दोन दिवस घरचे उपाय झाले, मग तालुक्याचा दवाखाना आणि तिथून थेट गोव्याच्या मोठ्या इस्पितळात. आतून संसर्ग झाला होता. नेलं तेव्हा तिला शुद्ध नव्हती. बाळाला तिकडे न्यायला परवानगी नव्हती. सत्यवान तिच्यासोबत गेला, बारसं राहिलं, आणि घरात उरल्या काशीबाई, सुगंधा आणि ते बाळ.

बाळ बाटली तोंडात घेईना. काशीबाईने घेऊन पाहिलं, मी घेऊन पाहिलं, शेजारच्या दोघीतिघींनी घेऊन पाहिलं. ते डोळे इकडून तिकडे फिरवायचं आणि रडायचं. रडून रडून आवाज बसला त्याचा. सुगंधा ओटीवर मशीनपाशी नुसती बसून होती, पाय हलत नव्हते. शेवटी ती उठली, आत गेली आणि अपेक्षाच्या उशाशी राहिलेलं ते फडकं घेऊन आली. "हेका आवशीचो वास येयत," म्हणाली आणि अपेक्षासारखंच तिने ते बांधलं, भुवयांपर्यंत. बाळाला मांडीवर घेतलं. त्याचे फिरते डोळे तिच्या तोंडाशी येऊन थांबले. ते बघत राहिलं आणि बघता बघता बाटली ओढायला लागलं. काशीबाई देवाला हात जोडून रडली. मीही रडले, मला लाज नाही त्याची.

"वासाक भुललो," काशीबाईने निकाल दिला.

तेव्हापासून सुगंधाच्या डोक्यावरचं फडकं सुटलं नाही. मशीन बंद. लोक ब्लाउज मागायला आले की ती म्हणायची, "नागडे फिरा, माका वेळ नाय." बाळाला न्हाऊ घालणं, धुरी देणं, रात्रीची जागरणं सगळं तिच्याकडे. चाळिशी ओलांडलेली ही बाई, पण चेहऱ्यावर असं काही तेज आलं होतं की मी एकदा तिला म्हटलंसुद्धा, सुगंधा, तू आता दिसायला लागलीस. ती म्हणाली, "फडक्यात सगळीच बरी दिसतत."

एकदा बाळाने त्या फडक्यावर ओकारी काढली आणि ते साबणाने धुवावं लागलं. वास गेला आता, म्हणून सुगंधा दिवसभर धास्तावलेली. उरलेल्या कापडाचं तिने नवीन शिवलं आणि जीव मुठीत धरून बांधलं. बाळाला काही फरक पडला नाही. नव्या फडक्याला आईचा वास कुठून असणार? मग हे काय? काशीबाईला विचारलं तर ती म्हणाली, असल्या गोष्टींचा काथ्याकूट करू नये.

पण सुगंधाच्या डोक्यातून ते जाईना. डोस द्यायला बाळाला तालुक्याला नेलं, तेव्हा तिने तिथल्या डॉक्टरबाईंनाच विचारलं. परत आली ती थेट माझ्या पायरीवर येऊन बसली आणि बाळाला मांडीवर घोळवत सगळं सांगितलं.

डॉक्टरबाईंनी म्हणे तिला फडकं काढायला लावलं, आणि बाळाचे डोळे भिंतीकडे गेले. परत बांधायला लावलं, डोळे परत आले. मग त्या बाईंनी समजावून सांगितलं. नुकतं जन्मलेलं मूल आंधळं नसतं, पण त्याला वीत-दीड वीत अंतरावरचं तेवढं जरा बरं दिसतं आणि तेही धूसर. नाक कसं, डोळे कसे, हे त्याला अजून नीट लागत नाही. त्याला दिसते ती कड. जिथे काळं संपून पांढरं सुरू होतं, ती रेघ. म्हणून ते वाशांकडे बघतं, गजांकडे बघतं, पट्टे आणि चौकटी बघतं. गोल आणि चौकोन यांतला फरकसुद्धा त्याला कळतो, नावं ठाऊक नसली तरी. आणि माणसाचं तोंड ते ओळखतं ते बाहेरच्या घेरावरून, केस आणि कपाळ मिळतात त्या रेघेवरून. आवाज, वास यांवरूनही ते ओळखतं, पण डोळ्यांपुरतं बोलायचं तर ती रेघ झाकली की त्याच्या लेखी माणूस बदललं. या बाळाने जन्मल्यापासून आई पाहिली ती फडक्यातली. तेव्हा फडकं म्हणजेच आई.

"म्हणजे तो माका बघना नाय, बाई," सुगंधा म्हणाली. "अपेक्षाक बघता."

मी म्हटलं, असं किती दिवस?

"डॉक्टरीण म्हणता, थोडेच आठवडे. मगे तो डोळे बघूक लागतलो, तोंड बघूक लागतलो, आणि बघान हसतलो. पयला हसू." हे सांगताना तिने बाळाच्या टोपड्याची गाठ विनाकारण सोडून पुन्हा बांधली.

अपेक्षा वाचली. महिना उलटून गेल्यावर सत्यवान तिला घेऊन आला. अंगावर मूठभर मांस राहिलं नव्हतं, दूध आटलं होतं. पण घरी येते या आनंदात काशीबाईने त्याच दिवशी राहिलेलं बारसं धरलं. अपेक्षाला डोक्यावरून न्हाऊ घातलं, केस विंचरून मोकळे सोडले, त्यात अबोलीचा वळेसर माळला, हिरवी साडी नेसवली. सुगंधालाही दटावलं, आवस इली आता, तां फडक्या काढ. सुगंधाने काढलं.

पाळण्याशी अपेक्षाला बसवून तिच्या मांडीवर बाळ दिलं. एवढे दिवस ती मोबाइलवर त्याला बघून रडत होती. आता ती वाकली आणि हळूच म्हणाली, "ए बाबू." आवाजासरशी ते क्षणभर थबकलं. मग त्याने तिच्याकडे पाहिलं आणि नजर सरकवली, पलीकडे, पाळण्याच्या दांडीकडे. तिने त्याचं तोंड आपल्याकडे वळवलं. ते रडायला लागलं. बायका हसल्या, होतं असं म्हणाल्या, कोणी खुळखुळा वाजवला. रडणं थांबेना. तेव्हा सुगंधा सवयीने आत गेली, फडकं बांधून आली आणि तिने बाळाला उचललं. ते गप्प झालं, तिच्याकडे टक लावून बघायला लागलं.

"आत्येचोच झालो आता हो," कोणीतरी चेष्टेने म्हटलं.

अपेक्षा हसली नाही. मी सुगंधाकडे बघितलं, आता ही सांगेल म्हणून. तिने माझी नजर चुकवली. माझी जीभ किती आवरते ते सगळ्या गावाला ठाऊक आहे, पण त्या दिवशी मी ती आवरली. हे सांगायचं तर सुगंधानेच, असं मला वाटलं.

ती बोलली नाही. दुसऱ्या दिवशीही नाही आणि तिसऱ्याही नाही. अपेक्षा दोनदा बाळाला घ्यायला गेली, दोनदा तेच झालं, मग तिने मागणंच सोडलं. भिंतीकडे तोंड करून पडून राहायची. जेवण पुढे ठेवलं तर चिवडायची. सत्यवान बिचारा दारात उभा राहून एकदा बायकोकडे बघायचा, एकदा बहिणीकडे.

मी चिडले. विहिरीवर सुगंधाला गाठलं आणि म्हटलं, "तुका सगळा म्हायती आसा. सांगणस नाय कित्याक?"

ती कळशीचा दोर ओढत राहिली. कळशी वर आली, ती तिने काठावर ठेवली आणि पदराने हात पुसले.

"सांगतंय, बाई. एकदा हसान दे तेका माझ्याकडे बघान. एकदाच. मगे देतंय."

"आणि ती थंय पडान आसा ती?"

"माका दिसता ती." तिने पदर पुन्हा खोचला. "जल्मभर लोकांच्या पोरांचे कपडे शिवलंय मी. घातले आणि गेली. एका पोरान वळान बघूक नाय माझ्याकडे. हो बघता. फडक्यामुळे बघता, फसान बघता, माका कळता सगळा. तरी बघता."

मी रागानेच घरी आले, आणि राग सुगंधाचा होता की तिच्या नशिबाचा, ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

दोन दिवसांनी मी अपेक्षासाठी पेज घेऊन गेले. सुगंधा पलीकडच्या खोलीत बाळाला बाटली पाजत होती, मधलं दार उघडं. अपेक्षा सत्यवानला सांगत होती, शांतपणे, एखादी ठरवून टाकलेली गोष्ट सांगावी तसं. "माका रेडीक सोडा. पोर आत्येकडे रवांदे. तेका माझी गरज नाय. उगाच कित्याक तेका रडवू?"

पलीकडे बाटलीचा चुटूचुटू आवाज तेवढा येत होता. मग तोही थांबला आणि बाळ रडायला लागलं.

सुगंधा दारात आली. एका हातावर रडणारं बाळ, आणि दुसऱ्या हाताने तिने डोक्यावरचं फडकं ओढून काढलेलं. घामाने केस कपाळाला चिकटले होते. बाळ तिने माझ्याकडे दिलं आणि अपेक्षाच्या पाठीशी जाऊन बसली. "उठान बस," म्हणाली. तिचे मोकळे केस गोळा करून आत खोचले, फडकं भुवयांपर्यंत खाली ओढलं, कान झाकले, मागे गाठ मारली. शिवणाऱ्या बाईचे हात ते, एकदाही चुकले नाहीत. "आता घे तेका. जवळ धर, वीतभर. बोल नको. बघान दे."

मी बाळ दिलं. ते रडत होतं, डोळे फिरत होते. मग ते थांबले. अपेक्षाच्या तोंडाशी येऊन थांबले आणि तिथेच राहिले. रडणं विरत गेलं. अपेक्षाच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण ती हलली नाही, तिला हलायची भीती वाटत होती. सुगंधाने बाटली तिच्या हातात दिली.

"तू गेल्यार तो तुकाच सोधी होतो," सुगंधा म्हणाली. "माका फडक्यात बघान तूच समाजलो. खरा तां सांगतंय." एवढं बोलून ती ओटीवर गेली आणि कित्येक आठवड्यांनी तिने मशीनचं चाक फिरवलं. कोणाचा तरी ब्लाउज अर्धा राहिला होता.

बाळ हसलं ते त्याच आठवड्यात, सकाळी, आईकडे बघून. अपेक्षा अशी किंचाळली की आम्ही सगळ्या धावलो. ओटीवर सुगंधाने हात चाकावर ठेवून ते थांबवलं, ऐकलं, आणि परत सुरू केलं. ती उठली नाही. त्यानंतरही ती आतल्या खोलीत जायची टाळायची. काम साचलंय म्हणायची. काम साचलं होतंच, पण ती घाबरली होती हे मला कळत होतं.

शेवटी अपेक्षानेच तिला हाक मारली. तिला बिचारीला डॉक्टरबाईंचं काहीच ठाऊक नव्हतं. आत्ये रुसली की काय, अशी तिला काळजी. मीही तिथे होते. सुगंधा आली, डोकं उघडं, तेल लावून चापून बसवलेले केस, ते खाली उतरलेले दाट केस आणि जेमतेम दोन बोटांचं कपाळ. पाळण्यावर वाकली, वीतभर अंतरावर, आणि एक शब्द बोलली नाही. आवाजाने ओळखू नये म्हणून, हे फक्त मला कळलं.

समर्थने तिच्याकडे पाहिलं. रडला नाही, हसलाही नाही. नुसता बघत राहिला, केसांच्या कडेपासून हळूहळू खाली, एखादं अनोळखी माणूस बघावं तसा.

"अरे, आत्येक वळखलंस नाय?" अपेक्षा हसून म्हणाली. "एवढे दीस तिणा सांभाळल्यान तुका!"

सुगंधाने तिला हातानेच गप्प केलं. नजर बाळावरून काढली नाही.

"रव गो," ती म्हणाली. "बघान दे तेका. पयल्यांदाच बघता तो माका."